काडीमोडीनंतरचे घर

विक्रम संवत दोन हजार एक्याऐंशीच्या वैशाखात, सुरत शहराच्या गोडादरा वस्तीत, लोटूची विधवा कलाबाई हिच्या मालकीच्या एका खोलीत जे भांडण पेटले, त्याचा निकाल त्याच वर्षीच्या श्रावणात कोर्टात लागला. आईने पोटच्या पोराला घराबाहेर काढले, असे समाजात अजून बोलले जाते. बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती खोली आतून पाहिलेली नाही. ज्यांनी पाहिली आहे ते फारसे बोलत नाहीत. म्हणून घडले ते घडले त्या क्रमाने सांगणे बरे. आरोप खरा की खोटा हे मग ज्याचे त्याने ठरवावे.

वैशाख सरत आला होता. लग्नसराईचा शेवटचा माल उरकण्याची घाई होती. पत्रा दुपारी असा तापे की भिंतीला पाठ टेकवत नसे. कलाबाई दाराशी मांडी घालून बसे आणि मांडीवर साडी उलटी पसरे. भरतकामाच्या यंत्रातून निघालेल्या साडीच्या पाठीमागे एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत गेलेले धागे मोकळे लोंबत असतात. ते चिमटीत धरून, कापडाला टोक लागू न देता, छोट्या कात्रीने कापायचे, हे तिचे काम. कात्री जरा तिरपी गेली की कापडाला छेद पडे आणि साडी गळ्यात येई, म्हणजे तिची किंमत मजुरीतून कापली जाई. कलाबाईच्या अंगठ्याला कात्रीच्या कडीचा घट्टा पडला होता आणि नाकात सदैव धाग्यांचा भुगा असे. आत तिची सून सुवर्णा शिलाई यंत्रावर त्याच साड्यांना लेस लावी. सासूच्या हातची साडी सुनेकडे जाई, सुनेच्या हातची घडी होऊन गठ्ठ्यात पडे. दोघींचे बोलणे थोडे होई आणि काम पुष्कळ होई.

कलाबाईचा मुलगा धर्मेंद्र जवळच्याच खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, यंत्रमाग चालवी. मंदी आली तशी खातेवाल्याने दिवसपाळी आठवड्यातले निम्मे दिवस बंद ठेवली. रिकाम्या दिवशी धर्मेंद्र घरात आडवा पडे. त्याची झोप हलकी झाली होती आणि हात वरचेवर उठू लागला होता. तसा तो पूर्वीपासूनच उठत होता. मंदीने फक्त सवड दिली. शेकडो मागांच्या खडखडाटात ज्याचे तारुण्य गेले, त्या माणसाला घरातल्या एका शिलाई यंत्राची घरघर सोसेनाशी झाली.

एका दुपारी त्याने यंत्र बंद करायला सांगितले. सुवर्णा म्हणाली, दोनच साड्या राहिल्या आहेत, टेम्पो यायच्या आत देते. त्याने उशाशी पडलेला धोटा उचलून फेकला. धोटा म्हणजे मागाच्या ताण्यातून बाणा नेणारी लाकडी नळी, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेली. तो तिच्या डाव्या कानावर बसला. सरकारी दवाखान्यात डॉक्टरने कान तपासला आणि या बाजूने आता ऐकू येणार नाही असे सांगितले. गल्लीतल्या कोणीतरी त्यावर म्हटले की चला, घरात आणखी एक खातेकामगार झाला. मागावरची माणसे बहिरी होतातच. हसणाऱ्यांत बायकाही होत्या. सुवर्णाला ते ऐकू आले नाही, कारण बोलणारा तिच्या डाव्या बाजूला होता. कलाबाईला ऐकू आले.

त्या संध्याकाळी कलाबाई चपला घालून सुरतेतल्या खानदेशी समाजाचे पंच दगा आप्पा यांच्या घरी गेली आणि तिने काडीमोड मागितली. स्वतःच्या मुलासाठी काडीमोड मागायला आलेली आई आप्पांनी पूर्वी पाहिली नव्हती. त्यांनी चहा पाजला, समजूत घातली, वैशाख संपू दे म्हणाले. ती पुन्हा दुसऱ्या दिवशी गेली आणि तिसऱ्या दिवशीही जाऊन त्यांच्या ओट्यावर बसली, तेव्हा आप्पांनी रविवार दिला.

तिचा हिशेब चुकीचा होता, पण तो कसा चुकला हे समजून घ्यायला हवे. तिच्या साक्री तालुक्यातल्या गावात, ती लहान असताना, एका जोडप्याची काडी पंचांसमोर मोडली होती. त्यानंतर तो गडी विहिरीवर ती बाई दिसली की मान खाली घालून दुसऱ्या वाटेने जाई. मोडलेल्या काडीत केवढा धाक असतो, हे कलाबाईने असे डोळ्यांनी पाहिले होते. धाक काडीत नव्हता. तो विहिरीवर उभ्या असलेल्या बायकांत होता, त्या बाईच्या भावांत होता, गडी ज्या वाटेने जाई त्या वाटेवरच्या प्रत्येक ओट्यात होता. गोडादऱ्याला विहीर नव्हती आणि गल्लीतले ओटे ओडिशा, बिहार, विदर्भ, खानदेश अशा चार मुलखांच्या माणसांचे होते. कलाबाईने गावाहून काडी आणली. गाव आणणे तिच्या हातात नव्हते.

रविवारी खाते बंद, म्हणून समाजाच्या शेडमध्ये बरीच माणसे जमली. सुवर्णाचे वडील निंबा ताप्ती लाईनच्या गाडीने आले होते आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. गावाकडे अशा वेळी ज्वारीचे धाट मोडतात. सुरतेत भर उन्हाळ्यात ज्वारीचे धाट कोठून येणार? एका पोराने आगपेटी पुढे केली.

"आगपेटीनी काडीवर सोयरिक तोडस का रे?" दगा आप्पा म्हणाले. "बिडी पेटाडानी शे का तुले?"

माणसे हसली. कलाबाई उठून घरी गेली आणि आपल्या खराट्यातली एक काडी उपसून घेऊन आली. नारळाच्या पातीची ती काडी धर्मेंद्रने दोन्ही हातांनी वाकवली, तर ती वाकली, मोडेना. पिळून, दुमडून, शेवटी दाताने चावून त्याने तिचे दोन तुकडे केले. मागून कोणीतरी म्हणाले, सोयरिक पक्की दिसतेय. पुन्हा हशा झाला. सुवर्णाने मान वळवून उजवा कान पुढे केला आणि शेजारच्या बाईला विचारले, काय म्हणाले? बाईने सांगितले नाही.

निंबा उठले. "चाल, सुवर्णा. गाडीनी येळ व्हयी गयी."

"मी येत नही, बापू," सुवर्णा म्हणाली.

ती बसल्या जागेवरून उठलीही नाही. तिने वडिलांना जे सांगितले त्यात राग नव्हता. गावी दोन भावांचे संसार एका छपराखाली होते. तिथे ती भावजयांच्या पाठीमागे उभी राहून दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाणार. इथे तिच्या हाताला यंत्राचे काम होते, आणि तिची मुलगी कुंदन इथल्या मराठी शाळेत दुसरीत होती. ती नवऱ्याला सोडायला तयार होती. काम सोडायला तयार नव्हती.

दगा आप्पांनी टोपी काढून पुन्हा घातली. काडी मोडल्यावर बाई सासरच्या घरात राहत नाही, हे त्यांनी समाजाला समजावून सांगितले. समाजाला ते ठाऊकच होते. मग ते कलाबाईकडे वळले. "काडी मोडी गयी. आते ती तुनी कोन शे?"

"खोली मनी शे, आप्पा. मी भाडेकरू ठेवं असं समजा."

"भाडेकरूले कोनी वहू म्हनस का?"

"तुम्ही भाडेकरू म्हना. मी सुवर्णा म्हनसू."

यावर पंचांत थोडी कुजबुज झाली. रीत मोडते आहे हे सर्वांना दिसत होते, पण खोली कलाबाईची होती आणि रविवारची दुपार कलत होती. निंबा मुलीच्या डोक्यावर हात ठेवून एकटेच स्टेशनाकडे गेले. धर्मेंद्र कपड्यांची पिशवी घेऊन बमरोलीला, गिरणीत काम करणाऱ्या मित्राच्या खोलीवर राहायला गेला.

ज्येष्ठाचे सुरुवातीचे दिवस निवांत गेले. साड्यांचे गठ्ठे कमी येत, पण येत. संध्याकाळी दोघी ओट्यावर बसत. शेजारची परभणीकडची सरस्वती, जिने या गल्लीतल्या सगळ्या बायकांना धागा कापायला शिकवले होते, ती येऊन बसे. सुवर्णाने यंत्राची जागा बदलली. भिंत डावीकडे आणि दार उजवीकडे, म्हणजे कोणी आले तर ऐकू यावे. कलाबाईने ते पाहिले.

एका दुपारी धर्मेंद्र आला. तोंडाला पोटलीत मिळणाऱ्या चोरट्या दारूचा वास होता. सुवर्णाला पाऊल ऐकू आले, पण उठेपर्यंत त्याने तिचे केस धरले होते. त्याने तिला ओट्यावर ओढले, तिथून गल्लीत ओढले, आणि पाठीत लाथा घातल्या. मध्ये पडलेल्या कलाबाईला त्याने ढकलले. ती उजव्या हातावर पडली. शिलाई यंत्र त्याने पायाने लोटून गटारीत टाकले. गल्लीतली माणसे दारात आली, तेव्हा तो त्यांच्याकडे वळून मोठ्याने बोलला. यंत्रमागावरची माणसे अशीच मोठ्याने बोलतात.

"काडी मोडेल शे. पंचेसनी मोडेल शे. आते ती मनी बायको नही, रस्तावरनी बाई शे. मंग हाई घरनं भांडन कसं? कोन माले रोकस?"

कोणी रोकले नाही. तो गेल्यावर सरस्वतीने सुवर्णाला उचलून आत नेले.

पोलीस चौकीत दोघी गेल्या. हवालदार वाईट वागला नाही. त्याने पाणी दिले, पंखा त्यांच्याकडे वळवला. पण काडीमोड झाल्याचे कळताच त्याने पेन खाली ठेवले. नवरा-बायको असते तर घरगुती हिंसेचे प्रकरण झाले असते. काडीमोड झालेल्यांचे आपसातले भांडण हे आपसात मिटवावे, असे त्याने गुजरातीत शांतपणे सांगितले. धर्मेंद्र गल्लीत ओरडून जे बोलला, तेच हा सभ्य माणूस खुर्चीत बसून बोलत होता. परतताना कलाबाई रिक्षातही बसली नाही. चालता चालता तिला एवढेच कळले होते की सुनेला वाचवण्यासाठी तिने स्वतःच्या खराट्यातून जी काडी दिली, त्याच काडीने सुनेच्या अंगावरचे छप्पर काढून घेतले.

तिचे मनगट सुजले होते. उजव्या हातात कात्री धरवेना. ती डाव्या हाताने धागे कापू लागली आणि दुसऱ्याच साडीला पदराजवळ छेद पडला. तिने साडी बाजूला ठेवली, पुन्हा दुसरी घेतली. सरस्वती दारात उभी राहून हे पाहत होती.

"बाई, हात टेका आता," ती म्हणाली. "बायकांच्या मदतीच्या त्या एकशे एक्क्याऐंशीला फोन लावते मी. तुमच्या पंचाला इचारून नाही लावत."

गाडी आली. गाडीतल्या समुपदेशक बाईने सुवर्णाला दवाखान्यात नेऊन जखमांची नोंद करवली आणि पुढच्या आठवड्यात दोघींची गाठ कोर्टात मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या वकील हर्षदाबेन यांच्याशी घालून दिली. हर्षदाबेन मूळच्या इथल्याच. मराठी अडखळत पण नीट बोलत. त्यांनी आधी सुवर्णाचे सगळे ऐकून घेतले, तिच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढून. काडीमोडीचा विषय निघाला तेव्हा दोघींनी माना खाली घातल्या.

"खाली बघू नका," हर्षदाबेन म्हणाल्या. "हा कायदा विचारतो की तुम्ही एका छपराखाली राहत होतात का. आज राहता का, एवढंच विचारत नाही. कधी काळी राहिलात, हेही चालतं. लग्न तुटलं म्हणून मारायची मुभा मिळत नाही कुणाला."

मग त्या कलाबाईकडे वळल्या. "आणि कलाबेन, तुम्हालाही ढकललं ना? तुम्हीही अर्ज करू शकता. आईसुद्धा करू शकते."

कलाबाईने मनगट पदराखाली घेतले. "मी पडनू," ती म्हणाली.

सुवर्णाने तिच्याकडे पाहिले, पण दुरुस्ती केली नाही. अर्ज सुवर्णाच्या नावाने झाला. कलाबाई साक्षीदार झाली. एवढ्याने खानदेशच्या समाजात बातमी पसरली.

दगा आप्पा घरी आले ते रागावून आले नाहीत. ओट्यावर बसले, पाणी प्याले, कुंदनच्या शाळेची चौकशी केली. मग त्यांनी जो सल्ला दिला तो ऐकायला भला होता. धर्मेंद्रचा वकील काडीमोड झाली हेच कोर्टात मांडणार होता. तर कलाबाईने सांगावे की काडीमोड झालीच नाही. पंच बसले नव्हते, कोणी काडी मोडली नव्हती. मग सुवर्णा धर्मेंद्रची बायकोच ठरते, कोर्ट तिच्या बाजूने निकाल देते, आणि पंचांनाही कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

"समदा समाज तुना मागे उभा राही," आप्पा म्हणाले. "एकबी मानूस कोर्टमा जायीसन व्हयनी म्हनावं नही. मी जिम्मा लेस."

कलाबाईला मोह पडला, हे लपवण्याचे कारण नाही. त्या दिवशी तिला ही वाट सोपी आणि चांगली वाटली. एक शब्द नाही म्हणायचा आणि सून वाचते. तिने सुवर्णाला विचारले. सुवर्णा नव्याने दुरुस्त करून आणलेल्या यंत्रात तेल घालत होती.

"आत्या, मी त्यानी बायको शे असं कोर्टमा लिखी जायी ना, मंग?" तिने विचारले. "मंग तो म्हनई, बायको शे ते चाल घर. माले बायको व्हवानं नही. माले मार खावाना नही."

हर्षदाबेनना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की झाले ते सांगा. धर्मेंद्रने त्या रविवारी शेडमध्ये बसलेला एक माणूस जरी आणला तरी खोटे उघडे पडेल आणि मग खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. पण साक्ष तुमची आहे, जीभ तुमची आहे, असेही त्या म्हणाल्या.

तारखेच्या आदल्या दिवशी धर्मेंद्र आला. या वेळी तो प्यालेला नव्हता. दाढी वाढली होती आणि शर्टाला मागावरच्या तेलाचे डाग होते. सुवर्णाने आतून कडी लावून घेतली. तो ओट्याच्या पायरीवर बसला आणि रडू लागला. मित्राच्या खोलीत पाळीपाळीने झोपावे लागते, जेवणाचे हाल आहेत, खातेवाल्याने नवा करार सांगितला आहे, असे तो सांगत राहिला. वकील काय विचारणार हेही त्याने सांगितले आणि आईने तिथे काहीच बोलू नये, एवढेच मागितले.

कलाबाई मागच्या दाराने आत गेली आणि ताटात भाकरी, वांग्याचे भरीत आणि मिरचीचा ठेचा घेऊन आली. ताट तिने दाराबाहेर पायरीवरच ठेवले.

"खाय," ती म्हणाली. "आठेच बठीन खाय. मधमा जावानं नही."

तो जेवला. ती समोर बसून तो जेवताना पाहत होती. दुसरी भाकरी हवी का, हेही तिने विचारले आणि आणून दिली. जेवून झाल्यावर त्याने ताटात हात धुतले आणि तिच्या पायांना हात लावला. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो गेला. ताट उचलताना तिच्या दुखऱ्या मनगटातून कळ आली, तेव्हा तिने ते डाव्या हातात घेतले.

कोर्टाच्या दिवशी साड्यांचा गठ्ठा देण्याची मुदत होती, म्हणून कलाबाईने चार साड्या पिशवीत घालून बरोबर घेतल्या आणि पुकारा होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून धागे कापले. शिपाई येऊन म्हणाला की भुगा पसरतो आहे. तिने पदर पसरून त्यात धागे गोळा केले आणि काम चालू ठेवले. सुवर्णा शेजारी बसून साडीचे टोक ताणून धरत होती. समोरच्या बाकावर धर्मेंद्र आणि त्याचा वकील बसले होते. दगा आप्पा दूर जिन्याजवळ उभे होते.

आत सुवर्णाचे नाव पुकारले गेले. ती हलली नाही. पुन्हा पुकारले. मॅजिस्ट्रेट साहेबांनी वर पाहिले आणि अर्जदार का उभी राहत नाही, असे विचारले. कलाबाई मागच्या बाकावर होती. तिला बोलण्याची परवानगी नव्हती हे तिला माहीत नव्हते. ती उठली, पुढे गेली आणि सुवर्णाच्या खांद्याला हात लावला.

"त्या बाजूना कान गया तिना," ती म्हणाली. "इकडथून सांगा, साहेब."

साहेबांनी तिला जागेवर बसायला सांगितले, पण त्यानंतर सुवर्णाशी बोलताना ते थोडे मोठ्याने आणि समोर पाहून बोलले. सुवर्णाने धोटा सांगितला, गल्ली सांगितली, गटारीतले यंत्र सांगितले. तिचा आवाज शेवटपर्यंत एकसारखा राहिला. घडी घालताना तिचे हात जसे एकसारखे चालत तसा.

मग कलाबाई पिंजऱ्यात उभी राहिली. धर्मेंद्रचा वकील तरुण होता आणि त्याने तिच्याशी नम्रपणे सुरुवात केली. पंच बसले होते का, हा त्याचा पहिला प्रश्न होता. दुभाष्याने तो मराठीत सांगितला. दारापाशी आलेले दगा आप्पा तिला दिसले. त्यांनी किंचित मान हलवली, नाही म्हणून.

"बठेल व्हतात," कलाबाई म्हणाली.

"काडी मोडली?"

"मोडी."

"कुणी आणली होती काडी?"

"मी. मना खराटामाईन."

दगा आप्पा दारातून मागे सरले. वकिलाला जे हवे होते ते मिळाले होते आणि तो ते लपवण्याइतका जुना नव्हता. म्हणजे संबंध संपला, तो म्हणाला. म्हणजे ही बाई आता तुमच्या मुलाची कोणी नाही, तुमचीही कोणी नाही. तर ती तुमच्या घरात कोणत्या नात्याने राहते?

कलाबाईने खाली पाहिले. पिंजऱ्याच्या कठड्यावर तिच्या पदरातून निसटलेला एक धागा पडला होता. तिने तो उचलला. इतकी वर्षे शेजारपाजारी कोणी विचारले तर तिने 'पडली' हाच शब्द वापरला होता. सुवर्णा मोरीत पडली, सुवर्णा ओट्यावरून पडली. मागे वकीलबाईसमोरही ती स्वतःबद्दल हेच म्हणाली होती. आपला मुलगा मारतो, हे वाक्य तिने आजवर कोणासमोर उच्चारले नव्हते. पंचांसमोरही नाही, तिथे 'पटत नही' एवढ्यावर भागले होते.

"नातं मोडाले मी काडी दिधी नव्हती," ती म्हणाली. "मार मोडाले दिधी व्हती. नातं मोडनं. मार चालूच शे."

साहेबांनी लिहिणे थांबवले. मार म्हणजे कोणाचा मार, त्यांनी स्वतः विचारले; आई, नाव घेऊन सांगा.

दुभाष्याने तो प्रश्न मराठीत सांगितला. मग ती धर्मेंद्रकडे वळली. जे सांगायचे ते त्याच्या पाठीमागे सांगायचे नाही, असे तिने ठरवले असावे. कारण बोलली ती साहेबांशी, पण पाहत होती त्याच्याकडे.

"धर्मेंद्र. मना आंडोर. तो तिले मारस. काडीना पहिले मारे, काडीना मांगे बी मारस. माले बी ढकलं त्यानी. मी पडनू नही." तिने उजवा हात पदराबाहेर काढून कठड्यावर ठेवला. मनगट अजून जाड होते. "मना हात त्यानीच मोडा."

धर्मेंद्रने चेहरा वळवला. वकील खाली बसला. त्याच तारखेला हर्षदाबेननी कलाबाईच्याही नावाने अर्ज दिला, आणि त्यावर तिने दुखऱ्या उजव्या हाताने अंगठा न लावता सही केली, कारण सही तिला येत होती.

बाहेर दगा आप्पा तिला पाहून पाठमोरे झाले. त्या वर्षी श्रावणात खानदेशची देवी कानबाई हिच्या रोटांचे, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जेवणाचे, आमंत्रण कलाबाईला समाजातून आले नाही. तिने घरच्या घरी रोट केले; गहू सुवर्णाने दळून आणले आणि जेवायला सरस्वती आली, जिला कानबाई कोण हे आधी समजावून सांगावे लागले. धागा कापणाऱ्या बायकांपैकी दोघी कलाबाईच्या ओट्यावर बसेनाशा झाल्या. पण त्यांच्यातलीच एक, एका सकाळी, मान खाली घालून आली आणि हर्षदाबेन कोणत्या दिवशी भेटतात, असे विचारून गेली.

श्रावणातल्या एका सोमवारी निकाल झाला. साहेबांनी तो गुजरातीत वाचला. हर्षदाबेन दोघींच्या मध्ये उभ्या राहून, सुवर्णाच्या उजव्या कानाशी, मराठीत सांगत गेल्या. पंचांनी केलेली काडीमोड कायद्याने ग्राह्य आहे की नाही, हे या प्रकरणात ठरवण्याची गरज नाही. दोघे एका घरात राहत होते, हिंसा झाली, आणि ती थांबलेली नाही, एवढे पुरेसे आहे. धर्मेंद्रने दोघींपैकी कोणालाही मारहाण करायची नाही, धमकी द्यायची नाही. खोलीत, गल्लीत, सुवर्णाच्या कामाच्या ठिकाणी जायचे नाही. सुवर्णाला त्या खोलीतून कोणी काढायचे नाही. हुकूम मोडला तर अटक.

सुवर्णाने सगळे ऐकले आणि हर्षदाबेनना एकच विचारले, यंत्र त्याच जागी राहू दिले तर चालेल ना. हर्षदाबेन हसल्या. सुवर्णा कुंदनला शाळेतून आणण्यासाठी घाईने जिना उतरून गेली.

कलाबाई मागे राहिली. कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून धर्मेंद्र उभा होता. वकील निघून गेला होता. आता तो मोठ्याने बोलला नाही. इतका हळू बोलला की तिला जवळ जावे लागले.

"माय, ते साहेबनं व्हतं," तो म्हणाला. "साहेब मना कोनी लागत नही. तू सांग. मी घर कव्हय येऊ?"

तिने त्याच्या शर्टाच्या कॉलरवर चिकटलेले सूत काढून टाकले, कॉलर नीट केली आणि हात मागे घेतला.

"मी बी तेच सांगस," कलाबाई म्हणाली. "घरमा येवानं नही."